बर्फ पडायच्या आधी: ऑन्टारिओतल्या कॅथलिक शाळेचा पहिला हिवाळा

आमच्या बॅगेत तीन किलो बाटली मसाला होता आणि मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले वसईच्या घरी कपाटात राहिले होते. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनच्या शाळेत ऑफिसातल्या बाईंनी पहिला कागद मागितला तो नेमका तोच. बाहेर नोव्हेंबरचा पहिला बर्फ भुरभुरत होता, धाकटा कापडी बुटांत उभा होता आणि मी गावातल्या चर्चच्या ऑफिसचा फोन नंबर आठवत होते. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते.

त्याला आता बरेच हिवाळे झाले. दरवर्षी वसईहून, मुंबईहून, गोव्याहून कुणी ना कुणी येतं आणि तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं लिहून काढते. सप्टेंबरनंतर येणाऱ्यांनी तर वाचाच, कारण त्यांची शाळा आणि त्यांचा पहिला बर्फ एकाच महिन्यात येतो.

१. ‘कॉन्व्हेंट’ डोक्यातून काढा

आपल्याकडे कॅथलिक शाळा म्हटलं की फी, मुलाखत, ओळखीपाळखी. ऑन्टारिओत यातलं काहीच नाही. इथल्या कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात. १८६७च्या राज्यघटनेतच इथल्या कॅथलिकांच्या वेगळ्या शाळांचा हक्क राखून ठेवला आहे, म्हणून फी नाही आणि डोनेशनही नाही. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान प्रांतांतही अशा शाळा आहेत. कॅनडाभर मात्र हे गृहीत धरू नका.

‘बोर्ड’ या शब्दावरून आमचा पहिल्या दिवशी गोंधळ झाला. बोर्ड म्हणजे दहावीचं बोर्ड नव्हे. एखाद्या भागातल्या सगळ्या शाळा चालवणारी संस्था म्हणजे बोर्ड. मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, कॅलेडन या पट्ट्यात डफरिन-पील कॅथलिक बोर्ड, टोरांटो शहरात टोरांटो कॅथलिक बोर्ड. तुमची शाळा कुठली हे घराचा पत्ता ठरवतो. बोर्डाच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की शाळेचं नाव येतं. हे घर भाड्याने घेण्यापूर्वी करा. समोर दिसणारी शाळा आपली असतेच असं नाही. रस्त्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला दुसरी, असंही असतं.

ज्युनिअर किंडरगार्टनपासून आठवीपर्यंत प्रवेशासाठी सहसा मुलाचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा कॅथलिक बाप्तिस्मा लागतो. सीरो-मलबारसारख्या पौर्वात्य कॅथलिक चर्चचा दाखलाही चालतो. मूल ज्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत चार वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टनला जाऊ शकतं. त्याची नावनोंदणी कित्येक महिने आधी सुरू होते.

माझ्या हिंदू मैत्रिणी नेहमी विचारतात, आमच्या मुलांना मिळेल का? नववीपासून पुढे, हो. कॅथलिक हायस्कुलं १९८०च्या दशकात पूर्णपणे सरकारी अनुदानावर आली, तेव्हापासून ती सगळ्या धर्मांच्या मुलांना खुली आहेत. धर्मशिक्षणाच्या तासातून लेखी अर्ज करून सवलत मागता येते. युनिफॉर्म मात्र बहुतेक ठिकाणी असतो.

२. निघण्यापूर्वी हे कागद हातातल्या बॅगेत

- मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला, आणि असल्यास आई किंवा वडिलांचाही
- मुलाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट
- सगळ्यांची इमिग्रेशनची कागदपत्रं: पीआर (कायम वास्तव्याचा परवाना), वर्क परमिट, स्टडी परमिट, जे असेल ते
- पत्त्याचा पुरावा: भाडेकरार, शिवाय विजेचं किंवा बँकेचं पत्र
- लसीकरणाचं पूर्ण कार्ड
- आधीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला
- पालक वेगळे राहत असतील तर मुलाच्या ताब्याबद्दलचा कोर्टाचा कागद

दाखला इंग्रजीत मागून घ्या, त्यावर धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, शिक्का आणि फादरांची सही स्पष्ट असू द्या. आणि नाव तपासा. आपल्याकडे चर्चच्या वहीत एक नाव असतं, पासपोर्टवर दुसरं. वहीत ‘डिसिल्वा’ सलग, पासपोर्टवर ‘डी’ सुटा; मध्ये वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. वसईत हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. इथे टेबलापलीकडच्या माणसाला ती दोन वेगळी मुलं वाटतात. फरक असेल तर निघण्यापूर्वीच फादरांकडून किंवा नोटरीकडून एका ओळीचं पत्र घ्या.

लसींचं प्रकरण जरा सविस्तर. ऑन्टारिओत शाळेत जाणाऱ्या मुलांना घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, डांग्या खोकला, गोवर, गालगुंड, रुबेला आणि मेनिंगोकोकल या लसी लागतात. २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. आपण अडकतो ते इथेच. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे खासगी डॉक्टरकडे मुद्दाम घेतली असेल तरच ती कार्डावर सापडते. दुसरं म्हणजे कार्ड शाळेत दाखवून भागत नाही. लसींची नोंद भागातल्या पब्लिक हेल्थ विभागाकडे आपणच करायची असते, डॉक्टर ती आपोआप पाठवत नाहीत. नोंद नसेल तर आधी पत्र येतं, आणि दुर्लक्ष केलं तर मुलाला शाळेत येण्यापासून थांबवू शकतात, एका वेळी २० शाळेच्या दिवसांपर्यंत. माझ्या मुलीच्या नावाचं ते पत्र मी तीन आठवडे जाहिरात समजून फ्रीजवर लावून ठेवलं होतं.

शिवाय आपला शिक्षणकर कुठल्या बोर्डाकडे जावा, हे सांगणारा एक फॉर्म शाळा भरून घेते. भाडेकरूंनाही तो भरावा लागतो. सही करा, द्या. त्याने जादा पैसे जात नाहीत.

इंग्रजीची आणि गणिताची छोटी चाचणी होईल. नापास करायला नव्हे, वर्गात किती मदत लागेल ते बघायला. वर्ग वयावरून ठरतो, मागे बसवत नाहीत. आणि शाळेत ‘सेटलमेंट वर्कर’ येतात का, हे विचाराच. नव्याने आलेल्या कुटुंबांना फॉर्म, डॉक्टर, बस यांत मदत करणं हेच त्यांचं काम असतं, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आम्हाला हे कळलं तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

३. कपडे: मधली सुट्टी बाहेरच होते

ही गोष्ट सासूबाईंना फोनवर पटवून देणं सगळ्यात कठीण गेलं. बाहेर उणे दहा असलं तरी मुलं सुट्टीत मैदानावर जातात. रोज, दिवसातून दोन-तीन वेळा. पारा उणे वीसच्या खाली गेला की सुट्टी आखडती घेतात, उणे अठ्ठाविसाच्या आसपास बहुतेक शाळा मुलांना आतच ठेवतात. नेमका आकडा बोर्डावर आणि मुख्याध्यापकांवर. हा आकडा ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यासकट अंगाला लागणाऱ्या थंडीचा. हवामानाच्या ॲपमध्ये साध्या तापमानाऐवजी तोच बघायची सवय लावा. विंड चिल उणे अठ्ठाविसाच्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. ‘माझं मूल आतच बसू द्या’ अशी चिठ्ठी पाठवून उपयोग होत नाही, आत लक्ष ठेवायला माणूस नसतो. मूल बाहेर जाण्याइतकं बरं नसेल तर शाळेत पाठवूच नये, असा इथला हिशोब.

एका मुलासाठी लागतं ते असं:

- वॉटरप्रूफ विंटर जॅकेट आणि स्नो पॅन्ट
- आत फर असलेले, पाणी न शिरणारे बूट, जाड मोज्यासाठी एक साइज मोठे
- कान झाकणारी लोकरीची टोपी, इथले लोक तिला टूक म्हणतात
- नेक वॉर्मर
- वॉटरप्रूफ मिटन, दोन जोड्या
- वर्गात घालायचे वेगळे बूट, ते शाळेतच राहतात
- दप्तरात जादा मोजे आणि पॅन्ट

मिटनच का? हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं आणि गार होतं. मिटनमध्ये चार बोटं एकमेकांना ऊब देतात. शिवाय चार वर्षांच्या मुलाला पाच बोटं पाच खोबणींत घालायला लावून बघा, सुट्टी संपते. मफलर नको, नेक वॉर्मरच: मफलर घसरगुंडीत अडकून गळा आवळला जाऊ शकतो. दोन जोड्या अशासाठी, की सकाळच्या सुट्टीत भिजलेली जोडी दुपारपर्यंत वाळत नाही.

घालण्याचा क्रम घरी पाठ करून घ्या: स्नो पॅन्ट, बूट, जॅकेट, टोपी, शेवटी मिटन. मिटन आधी घातले की चेन लागत नाही, आणि वर्गात पंचवीसेक मुलं बाईंच्या नावाने ओरडत असतात. छोट्यांसाठी इथली एक युक्ती आहे. जॅकेट जमिनीवर उताणं पसरायचं, टोपीची बाजू मुलाच्या पायाशी. मूल वाकून दोन्ही हात बाह्यांत घालतं आणि जॅकेट डोक्यावरून मागे भिरकावतं. धाकट्याने हे दोन दिवसांत शिकून घेतलं. त्याच्या आज्जीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, ‘कोळी जाळं टाकतो तसं की रे!’

सगळ्यावर नाव लिहा. मोज्यांवरसुद्धा. एकाच दुकानातले काळे बूट वर्गात आठ जणांचे असतात.

भारतातून स्वेटर आणू नका, जागा अडते. जॅकेट नवंच हवं असंही नाही. सेकंडहँड दुकानांत, शेजाऱ्यांकडे चांगली मिळतात, कारण मुलं वर्षात वाढतात आणि कपडे झिजत नाहीत. आणि गाडीत फुगीर जॅकेटवरून कार सीटचा पट्टा लावू नका. धडक बसली तर जॅकेट दबतं, पट्टा सैल पडतो. जॅकेट काढायचं, पट्टा आवळायचा, वरून जॅकेट उलटं पांघरायचं.

४. डबा: शेंगदाण्याचं कूट

इथल्या कित्येक शाळांत शेंगदाणे आणि काजू-बदाम आणायला मनाई असते. काही मुलांना त्यांची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते, आणि अशा मुलांच्या सुरक्षेसाठी ऑन्टारिओत २००६पासून कायदाच आहे. सबरीना नावाची शाळकरी मुलगी २००३मध्ये खाण्यातल्या ॲलर्जीने दगावली, तिच्या नावाने तो ओळखला जातो. ‘मी डब्यात दाणे देत नाही’ असं आपण छातीठोक सांगतो, आणि भेंडीच्या भाजीत, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतंच. नाताळच्या नेवऱ्यांत काजू असतात. वर्गात वाटायला घरचा खाऊ पाठवण्यापूर्वी बाईंना विचारा. वर्गात कुणाला तिळाची ॲलर्जी असेल तर तिळाचे लाडूही गेले.

शाळेत रोज गरम जेवण मिळत नाही. अधूनमधून पैसे भरून पिझ्झा असतो, तेवढाच. अन्न गरम राहायला थर्मास लागतो, आणि थर्मास आधी तापवावा लागतो: उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकण लावून ठेवा, ओता, मग गरम भात-कालवण भरा. नुसतं भरलं तर दुपारी कोमट. खायला वीस मिनिटंच मिळतात, तेव्हा काट्यांचा मासा नको. झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का, ते घरी बघा.

५. बर्फाची सकाळ

रात्री बर्फाचा इशारा आला की सकाळी सहाच्या सुमारास स्कूल बसच्या वेबसाइटवर बघायचं. ‘बस रद्द’ आणि ‘शाळा बंद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे नवीन माणूस हमखास चुकतो. कधी बस रद्द असूनही शाळा चालू असते, आणि तुम्ही स्वतः नेऊन सोडू शकता. पण सकाळची बस रद्द झाली की बहुतेक ठिकाणी दुपारचीही नसते. सोडलंत तर आणायलाही तुम्हालाच जावं लागणार. तुमच्या बोर्डाचा नियम काय, हे ऑक्टोबरातच विचारून फ्रीजवर लावा. जाहिराती काढून.

१७ जानेवारी २०२२ला मात्र प्रश्नच उरला नव्हता. कोव्हिडमुळे घरून चाललेली शाळा त्याच सोमवारी पुन्हा भरायची होती. मुलं पहाटे दप्तर घेऊन तयार, आणि बाहेर दारच उघडेना. टोरांटो शहरात त्या दिवशी अर्धा मीटरभर बर्फ पडला.

मूल येणार नसेल तर शाळेला रोज कळवावं लागतं, फोनवर किंवा ॲपवर. कळवलं नाही तर शाळा तुम्हाला शोधत फोन करते, तुम्ही उचलला नाही तर इमर्जन्सीसाठी दिलेल्या माणसाला करते. तिथे इथल्या माणसाचं नाव हवं. आम्ही भाबडेपणाने वसईच्या भावाचा नंबर दिला होता.

किंडरगार्टनच्या मुलाला बसमधून उतरताना थांब्यावर मोठं माणूस हजर लागतं, नाहीतर बस त्याला परत शाळेत घेऊन जाते. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. दोघं नोकरी करणारे असाल तर ही दुपार कोण सांभाळणार, हे बर्फ पडायच्या आधी ठरवा.

६. पॅरिशमध्ये नाव घाला

वसईत आपण जन्मतोच धर्मग्रामात. फादर नावाने ओळखतात. मिस्साला दोन रविवार दिसलो नाही तर कुणीतरी दारात येतं. इथे वर्षभर दर रविवारी मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकली तरी तुम्ही आलात हे कुणाच्याच गावी नसतं. पॅरिशच्या ऑफिसात फॉर्म भरून नाव घालावं लागतं. माणसं वाईट नाहीत. आगंतुकासारखं घरात डोकावणं त्यांना असभ्य वाटतं, एवढंच. एकदा सांगितलंत की मात्र धावून येतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या दुसऱ्या जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली आणि मी गोठलेल्या पायरीवर घसरून मनगट मोडून घेतलं, दोन्ही एकाच आठवड्यात. आठ दिवस आम्ही कुणाला काही बोललो नाही. लाज, दुसरं काय. शेवटी मुलीच्या बाईंनी तिच्या फाटक्या मिटनवरून काय ते ओळखलं आणि हळूच विचारलं. दोन दिवसांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची दोन माणसं घरी आली. ही मंडळी नेहमी जोडीने येतात, दिवाणखान्यात बसतात, काय लागतंय ते विचारतात, आणि बाहेर बोलत नाहीत. किराण्याची कुपनं दिली. आपल्याकडे मुंबई-वसईच्या चर्चमध्येही ही सोसायटी आहे. १८३३मध्ये पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. माझे वडील तिच्यासाठी घरोघर जायचे. मी मात्र दार उघडणाऱ्याच्या बाजूला पहिल्यांदाच उभी होते.

कुणाकडे काय मागायचं, ते थोडक्यात:

- कोट, बूट: आधी शाळेचं ऑफिस. बऱ्याच शाळांत जादा कपड्यांची पेटी असते. नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना मुलांना नवे कोट वाटते, पॅरिशमध्ये विचारा.
- किराणा: व्हिन्सेंट डी पॉल, किंवा जवळची फूड बँक. फूड बँकेत धर्म विचारत नाहीत.
- ओळखी: कॅथलिक विमेन्स लीगच्या आज्या. चहाला बोलावतात, आणि कुठल्या डॉक्टरकडे नवे पेशंट घेतात हे त्यांना ठाऊक असतं.
- बाकी काहीही: २११ वर फोन करा. कुठली मदत कुठे मिळते ते सांगतात.

पहिला ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) दुसरीत असतो, दृढीकरण (कन्फर्मेशन) सहसा सातवी-आठवीत. तयारी शाळेत होते, पण नोंदणी पॅरिशमध्ये करायची. शाळा करेल म्हणून थांबलात तर वर्ष हुकतं. बाप्तिस्म्याचा दाखला तिथेही लागेल.

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, वर्गात चार मेणबत्त्यांचं चक्र असतं, तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि शाळेत डबाबंद अन्न गोळा करतात. ज्या वर्षी आमच्याकडे कुपनं आली, त्या वर्षीही मुलगी चण्याचा एक डबा घेऊन गेली. नेऊ द्या.

हायस्कूलच्या मुलांना पदवीसाठी ४० तास समाजसेवा करावी लागते. शेजारच्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसणं सहसा त्यात धरतात; फॉर्म आधी शाळेत दाखवून घ्या. आमच्या मनगटाच्या जानेवारीत समोरच्या घरातला एक अकरावीतला मुलगा आमचा ड्राइव्हवे साफ करायचा. त्याचे ४० तास कधीच भरले होते, हे मला नंतर कळलं.

७. मार्चमध्ये पुढच्या वर्षाची खरेदी

मार्च ब्रेकच्या, म्हणजे शाळेच्या मार्चमधल्या सुट्टीच्या, आसपास दुकानं हिवाळी सामान निम्म्या किमतीत काढतात. एक साइज मोठं घ्या, दोन नव्हे; लोंबणाऱ्या स्नो पॅन्टमध्ये मूल पडतं. पण घातलेलं जॅकेट इतक्यात आवरून ठेवू नका, एप्रिलमध्येही बर्फ पडतो.

लहान झालेले कपडे धुऊन, चेन चालते का बघून शाळेच्या ऑफिसात द्या. धाकट्याचा निळा स्नोसूट मी परवाच दिला, साइज सहा. डाव्या गुडघ्यावर ठिगळ आहे, पण पाणी शिरत नाही. आतल्या पट्टीवर अजून त्याचंच नाव आहे, त्यावर खुशाल दुसरं लिहा.